शेरा

साठवण तलाव क्रमांक सात, तालुका भूम.
मोजपट्टी सकाळी आठला वाचायची,
आकडा वहीत उतरायचा, खाली सही.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
अकरा वर्षं मी तो कोरा ठेवला,
पाण्याबद्दल जे सांगायचं
ते आकड्यानं सांगून झालेलं असायचं.

आश्विनातल्या एका सकाळी
मोजपट्टीवरच्या चारच्या आकड्यापाशी
मूठभर काळे मणी सांडलेले
आणि ते थांबेचनात.
गरगर, गरगर, एकमेकांना न धडकता.
मी वाकलो तसे फुटले चहूकडे,
सावली काढून घेतली, पुन्हा गोळा.

लिंबाजी भोई जाळं झटकत होता.
'काय बगायलाव? गरगऱ्या हैत.
चार डोळे असत्यात एकेकीला,
दोन वरचं बगाया, दोन खालचं.
तुमचं बरंय, तुमाला वरचंच लिवायचं असतंय.'
तो सहज बोलला. मला दिवसभर पुरलं.

संध्याकाळी वही पुन्हा उघडली.
शेरा: गरगऱ्या, अंदाजे चाळीस.

मग खोडच लागली.
चहाची गाळणी तारेनं काठीला बांधली
(घरी त्यावरून दोन दिवस अबोला),
बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांतून फिरवली
आणि निघाला एक पाणभुंगा,
हिरवट काळा, कडेनं पिवळी बारीक किनार,
लुगड्याला असते तशी.
लोणच्याच्या बरणीत ठेवला अर्धा तास.
बूड वर करून यायचा,
पंखांच्या टोपणाखाली हवा भरून घ्यायचा
आणि खाली जायचा,
मागच्या टोकाला तिचा चंदेरी बुडबुडा घेऊन,
जत्रेला निघालेला माणूस
शिदोरी बांधून घेतो तसा.
घड्याळ लावलं. नऊ मिनिटं.
मीही दम धरून बघितला. एकावन्न सेकंद.
सोडताना बोटाला चावला.
तेही लिहिलं.

मुखेडकर साहेब तपासणीला आले.
पानं उलटता उलटता लाल पेन थांबलं.
'हे काय, भुंगे?'
'हो साहेब.'
'कुठल्या परिपत्रकानुसार?'
परिपत्रक नव्हतं.
गाडीत बसल्यावर मात्र काच खाली करून विचारलं,
'फार जोरात चावतात का?'

माघ सरता सरता पाणी मोरीच्या तळाखाली गेलं.
तिथून पुढचं जे उरतं
त्याला आमच्या खात्यात मृतसाठा म्हणतात.
हिशेबात धरत नाहीत.
सगळे तिथंच आले होते.
मसुरीएवढे, करवंदाएवढे, तांबूस, काळे,
काही तर गाळात डोकं खुपसून,
आणि मधोमध गरगऱ्या,
पाणी आटलंय ही बातमी
जणू त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.
मृतसाठा, मी लिहिलं,
आणि त्या शब्दाकडे बराच वेळ बघत बसलो.

चैत्रात एका चांदण्या रात्री
चौकीमागच्या सौर प्लेटांवर टप टप वाजायला लागलं.
गारा म्हणावं, तर आभाळ कोरं.
बाहेर येऊन बॅटरी मारली.
पाणभुंगे.
उडत येत होते आणि त्या काळ्याभोर काचेवर
पोटावर आदळत होते,
पाय मारत होते,
बुडायला बघत होते.
लांबून मलाही त्या प्लेटा
भरलेल्या तळ्यासारख्या दिसतात,
हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

लिंबाजीची नात समिंद्रा बादली घेऊन धावली.
तिनं वेचले, मी मोजले.
'आता सोडायचे कुठं?'
गावात भरलेलं म्हणावं असं एकच होतं,
टँकरनं दुपारी भरलेला जनावरांचा हौद.
बादली पालथी केली.
एक म्हैस उभ्या उभ्या जागी झाली,
हौदाकडे आली, फुरफुरली,
आणि प्यायची सोडून तशीच बघत राहिली.

सकाळी आठ.
मोजपट्टी: कोरडी.
साठा: निरंक.
शेरा: एकोणीस, जनावरांच्या हौदात.
पैकी एक पोहताना दिसत नाही.
उद्या पुन्हा बघणे.